वीस वर्षांखालचे

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत शिरगणतीचे काम मास्तरांकडे आले, तेव्हा मुळशीच्या धरणाकाठच्या एका गावात मी दोनवर्गी शाळा चालवत होतो. माझ्या वाट्याला खालचे गाव आणि डोंगराच्या पोटातली चौदा घरांची एक वाडी आली. घरांवर गेरूने आकडे आधीच टाकून झाले होते. आता घरोघर जाऊन माणसागणिक एक चिठ्ठी भरायची होती. नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धर्म, भाषा, कामधंदा. एक मार्चला सूर्य उगवताना देशात किती माणसे आहेत, ते या चिठ्ठ्यांवरून ठरणार होते. मला हे काम फार आवडले. चुकीचे बेरजेचे गणित जसे मला सहन होत नाही, तशी चुकलेली चिठ्ठीही होणार नव्हती.

गावात आमचे एकच घर ख्रिस्ती. आमचे देऊळ, म्हणजे चर्च, पौडच्याही पलीकडे, म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघेच ओसरीवर बसून उपासना करायचो. मी, बायको रत्नाबाई आणि नऊ वर्षांची मार्था. त्या रविवारी मी मुद्दाम मोशेने केलेल्या गणनेचा पाठ घेतला. मार्थाने सवयीप्रमाणे मध्येच हात वर केला.

"बाबा, देवानं अब्राहामाला बाहेर नेऊन तारे दाखवले ना? मोजता आले तर मोज, तुझी पोरंबाळं एवढी होतील म्हणून?"

"हो."

"म्हणजे मोजता येणार नाहीत एवढी. मग मोशेला मोजायला का लावलं? सहा लाख तीन हजार साडेपाचशे. आली की मोजता!"

रत्नाबाई हसली. "घ्या. द्या आता उत्तर."

असल्या प्रश्नाची मी वाटच बघत असतो. मी तिला सांगितले, "मिसर देशात गेली तेव्हा ती सत्तर माणसं होती. बाहेर पडली तेव्हा नुसते लढाईजोगे पुरुषच सहा लाखांवर. दिलेला शब्द पाळला जातोय, हे मोजल्याशिवाय त्यांना दिसलं असतं का? तारे सगळे मोजून होत नाहीत, पण वाढताहेत एवढं तर कळतं."

"मग दावीद राजानं मोजलं तेव्हा देव का रागावला?"

"मोशेला देवानं सांगितलं होतं. दावीदानं आपल्या मनानं मोजलं. माझी माणसं किती, माझं बळ केवढं, एवढंच त्याला बघायचं होतं. मोजून झाल्यावर त्याचं मन त्याला खाऊ लागलं. पुढं देशात मरी आली आणि सत्तर हजार माणसं गेली."

"मुलंसुद्धा त्यानं मोजली होती?"

मी दुसरीकडचे पान काढून तिला दाखवले. वीस वर्षांचे आणि त्याखालचे कोणी त्या राजाने मोजले नव्हते. पोरंबाळांबद्दल देवाने शब्द दिलेला होता, म्हणून त्यांच्यावर त्याने आकडा टाकला नाही.

"म्हणजे मला नसतं मोजलं," मार्था म्हणाली.

"नसतं."

"पण तुम्ही मोजणार."

"मी मोजणार. आपल्या घरातली तिसरी चिठ्ठी तुझी."

ती खूश झाली. मीही खूश झालो. पाठ चांगला झाला होता. हे एवढे सविस्तर सांगतो ते यासाठी, की चारच दिवसांनी मी जे केले ते मला माहीत नव्हते म्हणून झाले, असे कोणी समजू नये.

गुरुवारी वाडीवर गेलो. गेणबांच्या अंगणात सगळी वाडी जमली होती. गेणबा सत्तरीचे. त्यांचे मूळ गाव खोऱ्यात होते, ते धरणात गेले. त्यांनी घोंगडी टाकली, तांब्या पुढे केला.

"बसा मास्तर. पानी घ्या. च्या बी करतो. पर मोजू नगा."

"का हो आबा?"

"माजं लगीन नुकतंच झालं व्हतं तवाची गोष्ट. साखळी घिऊन सायब आला. शेत मोजलं, आंबं मोजलं, गोठ्यातली जनावरं मोजली, आमाला बी मोजलं. आमाला वाटलं, कायतरी द्याया मोजत्यात. मोजून झालं आन् मागनं पानी आलं. जे जे मोजलं, त्ये समदं आता त्या पान्याखाली हाय."

"आबा, मास्तर काय धरन बांधाया आलं न्हाईत," शेजारचा कुशाबा म्हणाला.

"त्यो सायब बी असाच ग्वाड बोलायचा."

सगळे हसले. मीही हसलो. पण कोणी नाव सांगायला पुढे येईना. बायका पोरांना पदराआड घेऊन उभ्या होत्या. तेव्हा मी वर्गात करतो तेच केले. गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याला देवाने ताऱ्यांएवढ्या वंशाचा शब्द कसा दिला, त्याची सत्तर माणसे परमुलखात कशी गेली, तिथे राबून राबून कशी वाढली, आणि रानात आल्यावर देवानेच मोशेला एकेकाचे नाव घेऊन मोजायला कसे सांगितले. ती माणसे गोष्टीत रंगली. रानात वणवण करणारी, जमीन नसलेली माणसे त्यांना ओळखीची वाटली असतील.

गेणबांनी नीट ऐकून घेतले. मग विचारले, "आन् मोजल्यावर? कुनाला काय झालं न्हाई?"

तोंडात उत्तर होते. त्या मोजणीतही माणसागणिक जिवाचा मोबदला द्यावा लागला होता, मरी येऊ नये म्हणून. आणि पुढे दावीद होता. पण तेवढे सांगितले असते तर चौदा घरांच्या चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या असत्या, आणि दुपार कलायला लागली होती.

"काही झालं नाही," मी म्हणालो. "उलट वाढले."

"तुमच्या पोथीत तसं हाय?"

"तसंच आहे."

"मंग लिवा," गेणबा म्हणाले, आणि आधी स्वतःचेच नाव सांगितले.

तिसरे घर कोंडिबाचे. तो कोळशाच्या भट्टीवर गेला होता. दारात त्याची बायको सगुणाबाई होती. तिने दोन नावे सांगितली, नवऱ्याचे आणि आपले.

"दोघंच?"

"दोघंच."

उंबऱ्यावर केरू भाजलेला हरभरा खात बसला होता. माझ्या पहिलीच्या वर्गातला. हजेरीपटात त्याचे नाव केरू कुशाबा असे होते, पण तो कोणाचा हे सगळ्या वाडीला ठाऊक होते आणि मलाही. सगुणाबाईची पहिली चार मुले एकामागून एक गेली. पाचवा झाला तेव्हा सुइणीने त्याला उकिरड्यावर ठेवला, नाव केरू ठेवले, आणि शेजारच्या कुशाबाच्या बायकोने, धोंडाबाईने, सूपभर वरी देऊन त्याला विकत घेतला. म्हणजे नेणाऱ्याने शोधत यावे आणि सगुणाबाईच्या घरी मूलच सापडू नये. पोर जेवायचे, झोपायचे सगुणाबाईकडे, पण धोंडाबाईला आई म्हणायचे आणि सगुणाबाईला काकी. सात वर्षे आईने त्याला चारचौघांत आपला म्हणायचे नाही. सात वर्षे पुरी झाली की चैत्रात भैरोबाच्या जत्रेत वरी परत करून पोर परत घ्यायचे. सातवे वर्ष सरत आले होते.

"केरू कुठं झोपतो?" मी विचारले.

"हितं."

"जेवतो?"

"हितंच."

"मग त्याची चिठ्ठी या घरात पडणार. नातं काय लिहू?"

मागून धोंडाबाई म्हणाली, "गुर्जी, आमच्यात लिवा की. माजा हाय त्यो. सूपभर वरी मोजलीया रोख."

बायका हसल्या, पण ते हसणे लगेच विरले.

"धोंडाबाई, मी यांना विचारतोय."

"चैताला या, तवा लिवा काय लिवायचं त्ये. सा आठवडं तर ऱ्हायलं."

"सरकार जत्रेसाठी थांबत नाही. आणि मी खोटं लिहीत नाही."

हे शेवटचे वाक्य मी म्हणालो. अंगणात गेणबांना जे सांगून आलो होतो, त्याला अजून तासही झाला नव्हता.

मी रागावलो नाही. रागावलो असतो तर बरे झाले असते, कोणीतरी भांडले असते. वर्गात एखादे मूल बोलत नसले की मी त्याच्यासमोर शांत बसतो. चेहरा प्रेमळ ठेवतो, घाई करत नाही, आणि मूल शेवटी बोलते. माझी ही हातोटी सगळ्या तालुक्यात नावाजलेली होती. तीच मी त्या बाईवर वापरली. चिठ्ठी मांडीवर, लेखणी हातात, आणि वाट बघत राहिलो.

खूप वेळाने ती म्हणाली, "माजा हाय."

"म्हणजे कोण?"

"माजा ल्योक."

मी 'मुलगा' लिहिले. ती थांबली नाही. कोणी विचारले नसताना बोटे मिटत म्हणाली, "पाच झालं. चार गेलं. ह्यो पाचवा."

केरूने हरभऱ्याची मूठ तशीच धरून वर पाहिले. "काकी, काय म्हनली?"

मी शाई वाळवली आणि पुढच्या घराकडे गेलो. संध्याकाळपर्यंत वाडी पुरी झाली. एकही खाडाखोड नव्हती.

दुसऱ्या दिवशी केरू शाळेत आला नाही. शनिवारीही नाही. मंगळवारी धोंडाबाई मीठमिरची न्यायला खाली उतरली आणि शाळेच्या दारात थांबली.

"काय मास्तर, भरली का समद्यांची गिनती?"

"केरू का येत नाही?"

"कंचा केरू? माजा तर न्हाई ऱ्हायला. तुमीच पुसला त्याला माज्या घरातनं."

मग तिने सांगितले. आईने तोंडाने म्हटले, पाचवा म्हणून आकड्यात धरले, तेव्हा तो सौदा मोडला. त्याच घरी दुसऱ्यांदा विकता येत नाही. आता पोराला अशा ठिकाणी द्यायचे जिथे सगुणाबाईचे नावच कोणाला ठाऊक नाही. कोंडिबाची बहीण घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात दिली होती, तिच्याकडे. सात वर्षांसाठी नव्हे, बाशिंग बांधेपर्यंत. तोवर आईने तोंड बघायचे नाही.

"कधी?"

"भट्टी उतरली की. सोमवारी."

त्याच संध्याकाळी मी वाडीवर जायला हवे होते. पाऊण तासाची चढण. गेलो नाही. मनाशी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे, तिच्यापुढे मास्तराने वाकायचे नसते. बुधवारी खालच्या गावातल्या चिठ्ठ्या आहेत म्हणालो. गुरुवारी पाय दुखतो म्हणालो. खरे कारण वेगळे होते. गेलो असतो तर गेणबांसमोर सांगावे लागले असते की मी खोटे बोललो. आणि माझा सगळा धंदाच, मी सांगतो ते खरे असते या एका गोष्टीवर चाललेला होता.

शनिवारी रात्री जेवताना मार्थाने विचारले, "बाबा, वाडीवर गोष्ट सांगितलीत ना, त्यात दावीद सांगितला?"

"नाही."

"विसरलात?"

तिने ते अगदी सहज विचारले होते. मी म्हणालो, "हो, विसरलो." आणि ताट अर्धे टाकून उठलो.

रविवारी उपासना न करता मी वाडीवर गेलो. गेणबांच्या अंगणात उभा राहिलो आणि माणसे जमायची वाट न बघता बोलायला लागलो, नाहीतर धीर गेला असता. म्हणालो, "आबा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत की मोजल्यावर काही झालं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. एका राजानं मोजलं तेव्हा मरी आली. ते मला पाठ होतं. तरी मी सांगितलं नाही."

गेणबा दोर वळत होते. हात थांबले.

"का?"

"तुम्ही नावं दिली नसती."

त्यांनी दोर बाजूला ठेवला. "मास्तर, तुमची पोथी आमाला कुटं ठावं हाय? आमी पोथीवर इस्वास न्हवता ठिवला. तुमच्यावर ठिवला व्हता."

मी कोंडिबाच्या दारात गेलो. सगुणाबाई केरूचे दोन सदरे फडक्यात बांधत होती. मी तिलाही सगळे सांगितले, आणि दावीदाने वीस वर्षांखालचे मोजले नव्हते, तेही सांगितले. वाटले, निदान तेवढे तिला कळावे, की तिची भीती वेडेपणाची नव्हती.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बारक्यांना का न्हाई मोजलं त्यानं?"

"देवानं त्या लोकांना शब्द दिला होता. तुमची लेकरं ताऱ्यांएवढी करीन म्हणून. असा शब्द मिळाल्यावर लेकरं मोजून बघायची म्हणजे शब्दावर भरवसा नाही असं झालं असतं."

"त्यास्नी शब्द दिला व्हता."

"हो."

"मला कुनी दिलाय?"

मी इतकी वर्षे मुलांना शिकवले. प्रश्न कसाही येवो, माझ्याकडे काहीतरी असायचे. त्या दारात मी नुसती पिशवीतून केरूची चिठ्ठी बाहेर काढली.

"मला कुनी न्हाई दिला," ती गाठ मारत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "म्हून सूपभर वरी घिऊन लेकरू पारखं केलं. येवढंच माज्या हातात व्हतं, मास्तर. त्ये बी तुमी लिवून नेलं."

"मी चिठ्ठी फाडतो. धोंडाबाईंच्या घरात लिहितो."

"आन् मी तोंडानं बोलले त्ये? त्ये फाडता का?"

"जत्रेपर्यंत त्याला आमच्याकडे ठेवा. रत्नाबाई बघेल. शाळाही बुडणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. "तुमच्याकडं? न्हाई."

सोमवारी सकाळी पाढे चालू असताना कोंडिबा आणि केरू शाळेवरून गेले. कोंडिबा रस्त्यावरच थांबला. केरू धावत दारात आला आणि पाटी पुढे केली.

"गुर्जी, शाळंची पाटी."

"राहू दे तुला. तिकडं लागेल."

"तिकडं साळा न्हाई," कोंडिबा रस्त्यावरूनच म्हणाला. "पाच कोसावर हाय म्हनत्यात. घ्या परत."

मी पाटी घेतली. कोपऱ्यात त्याने शेवटचा शाळेत आला तेव्हा काढलेला 'क' होता. केरू बापामागून ताम्हिणीच्या वाटेला लागला. मुले पाढे म्हणायची थांबली होती, त्यांना मी पुढे म्हणा असे सांगितले.

एक मार्चला सूर्योदयानंतर फेरतपासणीची फेरी होती. मधल्या दिवसांत कोणी जन्मले, कोणी गेले, कोणी आले, ते दुरुस्त करायचे. वाडीत मला कोणी अडवले नाही आणि कोणी बसा म्हटले नाही. कोंडिबाच्या दाराला कडी होती. मी केरूच्या चिठ्ठीवर रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात पौडला सुपरवायझर साहेबांनी माझे बाड तपासले. एकेक चिठ्ठी उलटत गेले आणि त्या रेघेपाशी थांबले.

"हे मूल वारलं का?"

"नाही साहेब. घाटाखाली आत्याकडे गेलं."

"मग तिकडचा मास्तर लिहील. देशाचा आकडा तोच राहतो की. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

त्यांनी बाडावर लाल शाईने 'काम उत्तम' असे लिहून सही केली, आणि तोच शेरा एका कागदावर लिहून मला दिला.

घरी आलो तेव्हा मार्थाने तो कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला आणि आईला दाखवायला निघाली. मी तिला थांबवले, ओसरीवर शेजारी बसवले आणि झाले ते सगळे सांगितले. गेणबांना काय म्हणालो, सगुणाबाईसमोर कसा शांतपणे बसून राहिलो, चार दिवस का गेलो नाही. दावीद विसरलो नव्हतो, हेही सांगितले.

तिने सगळे ऐकले. कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. तिने आता काहीतरी विचारावे म्हणून मी वाट बघत होतो, पण तिने काही विचारले नाही.